जुन्या होम कॉम्प्युटरवर मोठी आणि लहान एबीसीडी: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

माळ्यावरून काढलेला स्पेक्ट्रम असो, शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेला बीबीसी मायक्रो असो, नाहीतर लॅपटॉपवर उतरवून घेतलेला कमोडोर ६४ चा एम्युलेटर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, असो, पहिल्या तासाभरात एक तक्रार येतेच. आमच्या बेळगावात ती साधारण अशी येते: "काका, शिफ्ट धरून ए दाबलं की इस्पिकचं पान येऊलंय ओ. की-बोर्ड गेलाय काय?"

की-बोर्ड गेलेला नसतो. उद्यमबागेत दुरुस्तीला न्यायची गरज नसते. मशीनला जे शिकवलंय तेच ते करत असतं.

मराठी आणि कन्नड या आपल्या दोन्ही लिप्यांत मोठं-लहान अक्षर ही भानगडच नाही. इंग्रजीच्या तासाला मोठी एबीसीडी वेगळी, लहान वेगळी अशी गिरवली, आणि आजच्या मोबाईलने ती काळजीही आपल्या डोक्यावरून काढून घेतली. जुन्या मशीनवर ती परत आपल्याकडे येते. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या: पडद्यावर दिसतं ते अक्षराचं चित्र आणि मेमरीत बसतो तो आकडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काही आज्ञा फक्त चित्र बदलतात, काही आकडा बदलतात. आपण कुठलं बदलतोय हे कळलं की निम्मं काम झालं.

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, जशा बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या क्लासात सर बोलून सांगायचे तशा. मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. 'डॉलर' म्हटलं की डॉलरची खूण, 'स्टार' म्हटलं की गुणाकाराची चांदणी.

आधी बघा, मशीनकडे लहान अक्षरं आहेत तरी का

काहींकडे नाहीतच, आणि मग पुढची सगळी खटपट फुकट. झेडएक्स ८० आणि झेडएक्स ८१ वर फक्त मोठी अक्षरं. १९७७ च्या ॲपल टू वर आणि १९७९ च्या ॲपल टू प्लसवरही तेच. ॲपलवर लहान अक्षरं मुळातून आली ती १९८३ च्या टू-ई मध्ये. १९७७ चाच टीआरएस ८० मॉडेल वन घेतला, तर तोही मोठ्या अक्षरांचाच.

यामागे कंजुषी होती, आणि ती समजण्यासारखी होती. आस्की या अक्षरसंकेताच्या १९६३ च्या पहिल्या आवृत्तीत लहान अक्षरं नव्हतीच. ती १९६७ च्या सुधारित आवृत्तीत आली. पुढे दहा वर्षांनी घरगुती मशीन निघाली तेव्हाही चौसष्टच अक्षरांचे आकार साठवणारी चिप स्वस्त मिळायची, आणि ॲपल टू मध्ये तसलीच बसवली होती. मॉडेल वनने तर कमाल केली: स्क्रीनच्या मेमरीला आठ चिप लागतात, त्यांनी सातच लावल्या. एक बिट, म्हणजे ० किंवा १ ची एक जागा, वाचवला आणि त्याबरोबर लहान अक्षरं गेली. हौशी लोक मग २१०२ नंबरची एक चिप आधीच्या चिपच्या पाठीवर डाखून तो बिट परत आणायचे. जुनं मॉडेल वन उघडलं आणि एका चिपवर दुसरी बसलेली दिसली, तर ती कोणाची तरी चूक समजून उपटू नका.

अशा मशीनवर मजकूर लिहायची पाळी आली तर त्या काळची युक्ती वापरा. ॲपलवर काही प्रोग्रॅम सगळं मोठ्या अक्षरांतच दाखवायचे, पण जे खरोखर मोठं आहे ते उलट्या रंगात, म्हणजे उजळ चौकटीत काळं. आकडा बरोबर साठतो, चित्राची फक्त खूण असते. डोळ्यांना त्रास होतो, पण छपाई नीट निघते.

स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, कमोडोर, अटारी, एमएसएक्स आणि अॅमस्ट्रॅड सीपीसी या सगळ्यांकडे दोन्ही एबीसीडी आहेत. आपल्या भागात हाताला लागण्यासारखे मुख्यतः पहिले दोन. डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस परवान्याने भारतात निघाला होता, आणि १९८४ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांना बीबीसी मायक्रो दिले गेले. कमोडोर बहुतेक जण एम्युलेटरवरच पाहतात. तरी मी त्याच्यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवा माणूस सगळ्यात जास्त तिथेच अडकतो.

मग बटणं ओळखा

साध्या स्पेक्ट्रमवर कॅप्स लॉकचं वेगळं बटण नाही. कॅप्स शिफ्ट धरून २ दाबायचं. कर्सरमध्ये लुकलुकणारं एल हे अक्षर सी झालं की कॅप्स लॉक लागला. स्पेक्ट्रम प्लसला वेगळं बटण आहे. प्रोग्रॅममधूनच लावायचा असेल तर पोक (मेमरीतल्या जागेत थेट आकडा ठेवायची आज्ञा) २३६५८,८ आणि काढायचा असेल तर पोक २३६५८,०. आज्ञा तर एका बटणात आख्खा शब्द अशा उमटतात, त्यामुळे तिथे मोठं-लहान चुकायचा प्रश्नच नाही.

बीबीसीवर उलट. चालू केल्याबरोबर कॅप्स लॉक लागलेलाच असतो, दिवाही पेटलेला असतो. काढून टाकलात आणि लहान अक्षरांत प्रिंट लिहिलंत की मशीन सरळ 'मिस्टेक' म्हणून हात झटकतं. आज्ञा मोठ्याच अक्षरांत हव्यात. पण व्हेरिएबलची नावं लहान अक्षरांत ठेवा, हा माझा आग्रह आहे. लहान अक्षरांतलं लेंग्थ हे नाव चालतं. तेच मोठ्या अक्षरांत लिहिलं की मशीनला त्यात आधी लेन ही आज्ञा दिसते आणि गाडी घसरते. आणि लहान अक्षरांतलं गाव व मोठ्या अक्षरांतलं गाव ही इथे दोन स्वतंत्र व्हेरिएबल आहेत. एकात किंमत भरायची आणि दुसरं छापायचं, हा खेळ बराच वेळ चालू शकतो. कॅप्स लॉक आज्ञेने काढायचा तर स्टार एफएक्स २०२,४८ आणि लावायचा तर स्टार एफएक्स २०२,३२. दिव्याने पण ते मानावं म्हणून पाठोपाठ स्टार एफएक्स ११८.

अटारीवर कॅप्स-लोअर नावाचं बटण असतं; शिफ्टसह दाबलं की परत मोठी अक्षरं. पोक ७०२,६४ ने मोठी, पोक ७०२,० ने लहान. अटारी बेसिकलाही आज्ञा मोठ्याच लागतात.

आता मशीनलाच आकडा विचारा

ही पायरी कोणी करत नाही, आणि म्हणून पुढे चाचपडतात. बीबीसीवर टाइप करा: प्रिंट एएससी, आणि कंसात दुहेरी अवतरणात मोठा ए. उत्तर ६५. लहान ए दिलात तर ९७. फरक ३२. बी घ्या, झेड घ्या, फरक ३२ च. मोठी अक्षरं ६५ ते ९०, लहान ९७ ते १२२. स्पेक्ट्रमवर हेच, फक्त एएससीच्या जागी कोड ही आज्ञा.

३२ हा काही योगायोग नाही. आस्की ठरवणाऱ्यांनी मुद्दाम असं बसवलं की मोठ्या आणि लहान अक्षरात एकाच बिटाचा फरक राहावा. तो बिट चढवला की लहान, उतरवला की मोठं.

झेडएक्स ८१ वर विचारलंत तर ए चा आकडा ३८ येईल. त्याने आस्की पाळलंच नाही. आणि कमोडोर ६४ वर विचारलंत तर खरी गंमत सुरू होते.

कमोडोरचं प्रकरण

कमोडोर ६४ सुरू केला की पडद्यावर मोठी अक्षरं. शिफ्ट न धरता ए दाबा, मोठा ए येतो. शिफ्ट धरून ए दाबा, इस्पिक. एस दाबा, बदाम. झेडला चौकट, एक्सला किलवर. पत्त्याचा डाव मांडायची सगळी सोय.

आता त्या पडद्यावर असं काहीतरी उमटलेलं असतानाच कमोडोरचं बटण आणि शिफ्ट एकदम दाबा. नजर हलवू नका. मोठा ए होता तो लहान झाला, आणि इस्पिकच्या जागी मोठा ए आला. पडद्यावरचं सगळंच बदललं, आधी टाइप केलेलंही. पुन्हा दाबा, पत्ते परत हजर.

मेमरीत मात्र काडीचाही फरक पडलेला नाही. साध्या ए चा आकडा ६५ होता, ६५ च आहे. शिफ्टच्या ए चा १९३ होता, १९३ च आहे. या मशीनकडे अक्षरांच्या आकारांचे दोन संच आहेत आणि एका वेळी सगळ्या पडद्याला एकच संच लागू होतो. एका ओळीत पत्ते आणि दुसऱ्या ओळीत लहान अक्षरं, असं सरळपणे करता येत नाही.

प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत आपल्याला हवा तो संच मागून घ्या: प्रिंट सीएचआर डॉलर, कंसात १४. याने लहान-मोठ्या अक्षरांचा संच येतो. कंसात १४२ दिलंत की मोठी अक्षरं आणि चित्रांचा. मासिकांतल्या जुन्या लिस्टिंगमध्ये पोक ५३२७२,२३ आणि पोक ५३२७२,२१ असंही दिसेल. काम तेच, पण मेमरीच्या त्याच जागेतल्या आकड्याने पडद्याची जागाही ठरते, म्हणून स्वतःची अक्षरं बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते पोक घोळ घालतात. सीएचआर डॉलर बरा. आणि वापरणाऱ्याने मध्येच ती दोन बटणं दाबून पडदा उलटा करू नये असं वाटत असेल तर प्रिंट सीएचआर डॉलर कंसात ८. परत मोकळीक द्यायची तर ९.

एक खास कमोडोरी खोड सांगून ठेवतो. रेम लिहून टिपण लिहायची सवय चांगली, पण लहान अक्षरांचा संच लावून रेमपुढे बेळगाव लिहिताना बी शिफ्टने मोठा काढलात, तर लिस्ट, म्हणजे प्रोग्रॅम पडद्यावर दाखवायची आज्ञा, दिल्यावर त्या बी च्या जागी पीक हा आख्खा शब्द उमटतो. शिफ्टच्या बी चा आकडा १९४, आणि बेसिकमध्ये पीक या आज्ञेचा आतला आकडाही १९४. लिस्टला वाटतं आज्ञाच आहे. रेमपुढे लोंडा लिहा आणि एल मोठा काढा, लिस्ट त्या ओळीवर सिंटॅक्स एरर देऊन थांबतेच. पुढच्या ओळी मेमरीत शाबूत असतात, प्रोग्रॅम धावतोही, पण लिस्ट दिसत नाही म्हणून पोरं घाबरून मशीन बंद करतात आणि मग सगळंच जातं. उपाय सोपा: रेमनंतर आधी एक दुहेरी अवतरण टाका, मग हवं ते लिहा.

फाइलच्या नावालाही हेच लागू. शिफ्टने लिहिलेलं नाव आणि साधं नाव या डिस्कवर दोन वेगळ्या फाइली. नाव शिफ्टशिवाय ठेवा, डोकेदुखी नको.

प्रिंटरवर लिस्टिंग काढताना लहान अक्षरांच्या जागी मोठी आणि मोठ्यांच्या जागी चित्रं आली, तर ओपन ४,४ ऐवजी ओपन ४,४,७ करा. तो शेवटचा ७ प्रिंटरला दुसरा संच लावायला सांगतो.

मजकूर मोठा करायचा तर

अॅमस्ट्रॅड सीपीसी असेल तर नशीबवान आहात: अपर डॉलर आणि लोअर डॉलर या आज्ञा आयत्या आहेत. बाकीच्यांवर आपणच एक एक अक्षर घेऊन बदलायचं.

स्पेक्ट्रमवर, ए डॉलरमध्ये मजकूर आहे असं धरा:

१० फॉर आय = १ टू लेन ए डॉलर
२० लेट सी = कोड ए डॉलर(आय)
३० इफ सी >= ९७ अँड सी <= १२२ देन लेट ए डॉलर(आय) = सीएचआर डॉलर (सी − ३२)
४० नेक्स्ट आय

तिसरी ओळ नीट बघा. ९७ ते १२२ ची अट गाळून सरसकट ३२ वजा करायचा मोह होतो, कारण नमुन्याच्या शब्दावर तेही चालतं. मग पत्ता येतो, त्यात पिन ५९०००१. पाचाचा आकडा ५३. त्यातून ३२ गेले, २१ उरले. शून्याचा ४८, उरले १६. स्पेक्ट्रमवर १६ म्हणजे शाई बदलायची खूण, २१ म्हणजे एकावर एक छापायची. पिनकोडचा पत्ता लागत नाही आणि पडद्यावर रंगाची तक्रार करणारा एरर येतो. शब्दांमधली मोकळी जागा ३२ ची. ती थेट ० होते. अट ठेवा.

पुस्तकांत ३२ वजा करण्याऐवजी 'अँड २२३' असंही लिहिलेलं सापडेल. २२३ म्हणजे २५५ वजा ३२, तो एक बिट उतरवायची चाळणी. बीबीसी, एमएसएक्स आणि कमोडोरच्या बेसिकमध्ये अँड बिटांवर काम करतो, तिथे ठीक. स्पेक्ट्रम, ॲपल आणि अटारीच्या बेसिकमध्ये अँड फक्त खरं-खोटं बघतो, तिथे ही चाळणी चालत नाही. दुसऱ्या मशीनची लिस्टिंग आपल्याकडे टाइप करताना इथे हमखास फसगत होते. वजाबाकी सगळीकडे चालते, मी तीच वापरतो.

कमोडोरवर गणित वेगळं. तिथे फरक १२८ चा: साधं ६५ ते ९०, शिफ्टचं १९३ ते २१८. म्हणून सगळं एका जातीचं करायचं तर १९३ ते २१८ मधल्यांतून १२८ वजा. बाहेरून आलेल्या काही फाइलींत ९७ ते १२२ हे आकडेही मोठ्या अक्षरांसारखेच दिसतात. त्यांच्यातून ३२ वजा केले की तेही रांगेत येतात.

शोधताना आणि क्रम लावताना

हे सगळं करायचं कशाला, ते इथे कळतं. समजा गावांची यादी केली: अथणी, चिकोडी, खानापूर, निपाणी, संकेश्वर. इंग्रजीत टाइप करताना चारांचं पहिलं अक्षर मोठं काढलं आणि अथणीचं लहान राहिलं. क्रम लावलात की अथणी पहिली यायची ती संकेश्वरच्याही खाली जाऊन बसते, कारण आस्कीत सगळी मोठी अक्षरं आधी आणि लहान नंतर. कमोडोरवर नेमकं उलटं: तिथे शिफ्टशिवायची आधी. चार गावं साधी टाइप केली आणि खानापूरचाच के शिफ्टने काढला, तर खानापूर तळाला.

शोधतानाही तेच. यादीत मोठ्या के ने खानापूर आहे, समोरच्याने सगळं लहान टाइप केलं, मशीन म्हणणार गाव नाही. म्हणून तुलना करायच्या आधी दोन्ही बाजू वरच्या लूपमधून काढा. मूळ नाव मात्र बदलू नका, दाखवायला ते जसं लिहिलं तसंच हवं. बदललेली प्रत फक्त तुलनेपुरती करा. प्रत्येक नावाच्या दोन प्रती कायमच्या ठेवल्या तर १६ के च्या मशीनवर जागा लवकर संपते. कमोडोर ६४ लासुद्धा बेसिकसाठी ३८९११ बाइटच मोकळे मिळतात.

हो किंवा नाही विचारताना तर लूपही नको. स्पेक्ट्रमवर इनकी डॉलर, म्हणजे दाबलेलं बटण, लहान वाय आहे का, एवढंच तपासलंत आणि कॅप्स लॉक लागलेला असला, तर माणूस वाय दाबत बसतो आणि प्रोग्रॅम ढिम्म. मध्ये ऑर घालून दोन्ही वाय तपासा.

अन् एक: निपाणीचं इंग्रजी स्पेलिंग कोण एका पी ने लिहितो, कोण दोन. बेळगावचं तर विचारूच नका, जुन्या पाटीवर एक आणि नव्या पाटीवर दुसरं. लहान-मोठं जुळवून हा वाद मिटत नाही. त्याला दोन्ही स्पेलिंगची वेगळी यादीच ठेवावी लागते.

मजकूर आजच्या कॉम्प्युटरवर नेताना आणि आणताना

स्पेक्ट्रम, बीबीसी, एमएसएक्सचा साधा मजकूर जवळपास जसाच्या तसा वाचता येतो. स्पेक्ट्रमच्या पौंडाच्या खुणेसारखी एखादी खूण तेवढी बदलते.

कमोडोरची फाइल मात्र उलटी होते. तिथली लहान अक्षरं ६५ ते ९० मध्ये असतात, आजच्या कॉम्प्युटरला ती मोठी दिसतात. तिथली मोठी १९३ च्या पुढे, ती भलतीच चिन्हं बनतात. आकडा बघून बदला: ६५ ते ९० असेल तर ३२ मिळवा, १९३ ते २१८ असेल तर १२८ वजा करा. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत, प्रत्येक अक्षरावर एकदाच करा. आधी सगळीकडे वजाबाकी आणि मग सगळीकडे बेरीज केलीत, तर मोठी अक्षरं आधी ६५ ते ९० मध्ये येतात आणि दुसऱ्या फेरीत तीही लहान होतात. हाताने करायचं नसेल तर व्हाइस या एम्युलेटरसोबत पेटकॅट नावाचं छोटं साधन येतं, ते बेसिक प्रोग्रॅमची लिस्टिंग अशी बदलून देतं.

उलट्या दिशेने, म्हणजे कुठून तरी लिस्टिंग उचलून व्हाइसमध्ये पेस्ट करताना, ती आधी सगळी लहान अक्षरांत करून घ्या. लहान अक्षरं तिथे शिफ्टशिवायची म्हणून उतरतात आणि बेसिकला आज्ञा कळतात. मोठ्या अक्षरांतलं प्रिंट पेस्ट केलंत तर पाचही अक्षरं शिफ्टची म्हणून जातात, पडद्यावर चित्रांची माळ उमटते आणि खाली सिंटॅक्स एरर. अवतरणांच्या आतली मोठी अक्षरं तेवढी ठेवा. त्यांना शिफ्टचीच जागा हवी असते, फक्त पहिल्या ओळीत सीएचआर डॉलर १४ असल्याची खात्री करा.